सशाची घाई, मकाऊची सबुरी

महाराष्ट्राच्या माळरानावरचा रानससा आणि ब्राझीलच्या पांतानाल पाणथळीतला निळा हायसिंथ मकाऊ पोपट यांची तुलना करावी ती पिढी वाढवण्याच्या वेगावरून. सशाची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन उघड्यावरच जन्मतात, तीही वर्षातून अनेकदा. मकाऊला मात्र मांदुवी झाडाची प्रशस्त ढोली हवी, आणि तशी ढोली तयार व्हायला झाडाने साठी तरी गाठावी लागते. अंडी दोन, जगतं बहुधा एकच पिल्लू. दीर्घायुषी पक्ष्याला एवढं पुरे, असं कुणी म्हणेल. पुरे खरंच, पण मोठे पक्षी टिकले तर! १९८०च्या दशकात पिंजऱ्यांच्या हौसेसाठी हजारो मकाऊ पकडले गेले आणि ती तूट भरून काढणं या संथ पक्ष्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणूनच १९९०मध्ये जीवशास्त्रज्ञ नेइवा गेदेस यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात घरट्यांसाठी लाकडी पेट्या झाडांवर बसवल्या गेल्या, जुन्या ढोल्या दुरुस्त झाल्या. मग ससा निर्धास्त आहे का? त्याला पेटी लागत नाही, पण लपायला गवत लागतं. माळ नांगरला की तेच जातं.