साथीची गिटार

रॉबेन फोर्डचे नाव निघाले की गिटारवाले लगेच त्याच्या सोलोंबद्दल बोलू लागतात, आणि त्यात गैर काही नाही. १९८८ साली ‘टॉक टू युवर डॉटर’ हा आल्बम आला तेव्हापासून ब्लूज-रॉक आणि जॅझ यांच्या सीमेवरचा हा आवाज पुढच्या दोन पिढ्यांनी उचलला. पाच वेळा ग्रॅमीचे नामांकन झाले. त्याच्या स्वराचा पाठलाग करण्यात लोकांनी पैसाही भरपूर ओतला. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासूनची त्याची वाटचाल सलग पाहिली तर वेगळेच काही हाती लागते. हा माणूस मुळात साथीदार आहे. त्याचे सोलो चांगले आहेत याचे कारणही तो चांगला साथीदार आहे हेच आहे, आणि ही गोष्ट त्याच्या आल्बमांपेक्षा जास्त स्पष्ट झाली ती तो ऑनलाइन शिकवू लागल्यावर.

फोर्डचा जन्म १९५१चा, कॅलिफोर्नियातला. वाढला तो युकाया नावाच्या लहान गावात. वडील चार्ल्स गिटार वाजवत, पण मुलाच्या हाती आधी आला सॅक्सोफोन. गिटार त्याने तेराव्या वर्षी धरली. पॉल बटरफील्डच्या बँडमधला माइक ब्लूमफील्ड हे पहिले दैवत, आणि कॉर्ड शिकला तो मिकी बेकरच्या जॅझ गिटारच्या पुस्तकातून. म्हणजे रेकॉर्ड आणि पुस्तक हेच त्याचे सुरुवातीचे गुरू. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. भावांबरोबर त्याने वडिलांच्या नावाने ‘चार्ल्स फोर्ड बँड’ काढला, हार्मोनिकावादक चार्ली मसलव्हाइटबरोबर वाजवले, आणि मग जिमी विदरस्पूनच्या मागे उभा राहिला. विदरस्पून तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, जे मॅक्शॅनच्या कॅन्सस सिटीच्या बँडमध्ये तयार झालेला भरदार आवाजाचा गायक, फोर्ड विशीतला. ब्लूजच्या बारा बारांत चार-चार बारांचे तीन भाग असतात. प्रत्येक भागात साधारण पहिले दोन बार गायकाचे, उरलेले दोन उत्तर देणाऱ्या वाद्याचे. त्या दोन बारांत सगळे आले: गायकाचा शब्द कुठे संपला ते ऐकणे, त्याच्या भावनेला धरून चार सूर टाकणे, आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत बाजूला होणे. बाजूला व्हायला अर्धा ठोका उशीर झाला तरी गायकाच्या तोंडावर वाजवल्यासारखे होते. विदरस्पूनबरोबरच्या त्या काळातल्या लाइव्ह ध्वनिमुद्रणात फोर्डचे सर्वांत मोलाचे वादन याच जागांमध्ये आहे.

पुढची दहा-बारा वर्षे हेच चालले, फक्त पुढे उभे राहणारे लोक बदलले. टॉम स्कॉटच्या ‘एल. ए. एक्स्प्रेस’मध्ये तो लॅरी कार्लटनच्या जागी आला, आणि त्या बँडबरोबर जोनी मिचेलच्या मागे. तिच्या ‘माइल्स ऑफ आइल्स’ (१९७४) या मैफलींच्या आल्बममध्ये तो आहे. जोनीच्या गाण्यांत बारा बारांचा ठरलेला आराखडा नाही; तिची स्वतःची गिटारच वेगवेगळ्या ट्यूनिंगमध्ये लावलेली असते, त्यामुळे पाठ केलेल्या ब्लूजच्या लिक्स तिथे निरुपयोगी. त्याच वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जॉर्ज हॅरिसनचा उत्तर अमेरिकेचा दौरा झाला. आपल्या वाचकांना त्यातले दुसरे पथक जास्त ओळखीचे वाटेल: रवि शंकर, अल्लारखाँ, हरिप्रसाद चौरसिया, शिवकुमार शर्मा, लक्ष्मी शंकर. फोर्ड त्या दौऱ्यात हॅरिसनच्या बँडमध्ये होता. १९८६ साली तो जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसकडे गेला. हे सगळे म्हणजे बड्या लोकांकडची नोकरी, यात कलावंत कुठे दिसतो, असा आक्षेप कोणी घेईल. वरवर तो खरा वाटतो. पण विदरस्पून, जोनी आणि माइल्स यांची संगीते एकमेकांपासून कोसभर दूर आहेत, आणि तिन्हीकडे एकच माणूस ओळखू येतो. ओळखू येतो तो कमी वाजवण्यामुळे. जिथे इतर गिटारवादक जागा भरतात तिथे हा ती राखतो. सॅक्सोफोनवाल्याला श्वास घ्यावाच लागतो, गिटारवाल्याला लागत नाही. फोर्डने गिटारवरही श्वास घ्यायची सवय सोडली नाही, हे त्याचे वेगळेपण.

आता ते गाजलेले सोलो पाहू. बारा बारांच्या चौथ्या बारमध्ये फोर्ड बरेचदा एक युक्ती करतो: पाचव्या बारला चौथ्या पायरीची कॉर्ड येणार हे हेरून, तिच्या आधी डिमिनिश्ड स्केलचे आडवळणी सूर आणतो, कानाला क्षणभर अस्वस्थ करतो, आणि नव्या कॉर्डच्या नेमक्या सुरावर समेला यावे तसा उतरतो. नकलाकारांना ते स्केल पाठ असते, पण उतरण्याची जागा साधत नाही. कारण ती युक्ती स्केलची नाहीच. कॉर्ड कधी बदलते ते अंगात भिनलेल्या साथीदाराची आहे. बेसवादक रॉस्को बेक आणि ड्रमर टॉम ब्रेक्टलाइन यांच्याबरोबरच्या ‘ब्लू लाइन’ बँडमध्ये हे फार उघड दिसते. १९९५चा ‘हँडफुल ऑफ ब्लूज’ ऐकताना लक्षात येते की गाणारा, त्या गाण्याला साथ करणारा आणि मधे सोलो घेणारा एकच आहे. तिथे फोर्ड फोर्डलाच साथ करतो.

शिकवण्याकडे तो नव्याने वळला असेही नाही. शिकवणीच्या व्हिडिओ टेपच्या जमान्यातही त्याचे धडे निघाले होते. नंतर फ्लोरिडाच्या ‘ट्रूफायर’ कंपनीसाठी त्याने अनेक ऑनलाइन कोर्स केले आणि ‘गिटार डोजो’ नावाची स्वतःची ऑनलाइन शाळाही तिथे उभी राहिली. त्याच्या कोर्समध्ये ‘रिदम रिव्होल्यूशन’, ‘कॉर्ड रिव्होल्यूशन’ अशी नावे आहेत. ज्याच्या सोलोंसाठी लोक पैसे भरतात तो त्यांना ताल आणि कॉर्डकडे नेतो, हे मला अर्थपूर्ण वाटते. रेकॉर्डमध्ये साथीची गिटार गायकाच्या आणि कीबोर्डच्या खाली दबलेली असते. धड्यात ती एकटी समोर येते. तीन तारांवरची छोटी कॉर्ड, खालचा मूळ सूर बेसवाल्यासाठी सोडलेला, उजव्या हाताने ती कधी वाजवायची आणि कधी नुसती दाबून थांबवायची, हे डोळ्यांना दिसते. सूर न बदलता वेग कमी करून, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून पाहता येते.

यावर आपल्याकडचा हमखास प्रश्न: समोर बसल्याशिवाय विद्या येते का? फोर्डने स्वतः कॉर्ड पुस्तकातून उचलल्या, त्यामुळे दुरून शिकण्याला नाके मुरडण्याचा अधिकार निदान त्याच्या चाहत्यांना नाही. मात्र आक्षेपाचा अर्धा भाग मान्य करायला हवा. पुस्तकाने त्याला कॉर्ड दिल्या, विदरस्पून दिला नाही. स्क्रीनसमोर बसलेल्या विद्यार्थ्याला ओळ मधेच लांबवणारा, लहर लागली की लय ओढणारा गायक मिळत नाही, आणि साथ खऱ्या अर्थाने तिथेच शिकली जाते. दुसरी तक्रार अशी की या कोर्समुळे सगळे सारखेच वाजवू लागतात. ते मला पटत नाही. सारखेपणा येतो तो टॅब पाहून सोलो जसाच्या तसा उतरवल्याने, किंवा फोर्डच्या डंबल अँपच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या पेडलांमागे धावल्याने. रिदमची नक्कल करून कोणी फोर्डसारखे वाजवू लागल्याचे अजून ऐकिवात नाही. फार तर बँडला हवाहवासा वाटू लागतो. आणि नावाजलेला वादक पैशांसाठी शिकवतो, असे कोणी म्हणालेच तर म्हणू द्यावे. स्ट्रीमिंगच्या काळात आल्बमवर घर चालत नाही, आणि तसेही विदरस्पूनच्या मागे तो काही फुकट उभा राहत नव्हता.

त्याचे ब्लूज फार गुळगुळीत आहेत, त्यांत चिखलमाती नाही, ही जुनी तक्रार मात्र मी खोडून काढणार नाही. ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगची एक ओढलेली तार जो घाव घालते तो फोर्डला क्वचितच जमतो. पण घाव घालणारे पुष्कळ आहेत, आणि दुसऱ्याचा घाव नीट पोचावा म्हणून मागे सरणारे थोडे. फोर्ड त्या थोड्यांतला आहे. तेव्हा त्याच्याकडे नव्याने वळणाऱ्याने ‘टॉक टू युवर डॉटर’ जरा बाजूला ठेवावा, आधी विदरस्पूनबरोबरचे लाइव्ह ध्वनिमुद्रण ऐकावे, गायक थांबतो तिथे कान द्यावा. आणि कोर्सला पैसे भरायचेच असतील तर रिदमच्या कोर्सला भरावेत.