कोंड्याचा मांडा करताना

गिरणीतून निघालेल्या भाताच्या कोंड्याचे आयुष्य फार अल्प असते. दाण्यापासून तो विलग होताच त्यातील लायपेज हे विकर तेलाचे विघटन सुरू करते आणि तासागणिक मुक्त मेदाम्ले वाढू लागतात. मध्य भारतातील एका धानपट्ट्यात नोकरीवर असताना गिरणीच्या आवारात अशा कोंड्याच्या पोत्यांची मोठी थप्पी मी पाहिली होती. ट्रक सोमवारी येईल, असे मालकाने शांतपणे सांगितले. तो दिवस शुक्रवार होता.

या कोंड्यात पंधरा ते वीस टक्के तेल असते आणि देशात दरवर्षी सुमारे १० लाख टन तेल त्यातून निघते. जुन्या हलर गिरण्यांत कोंडा तुसात मिसळून जाई व गुरांपुढे पडे. १९५८ च्या भातगिरणी नियमन कायद्याचा हेतू वेगळा होता. पण पुढे आधुनिक गिरण्या आल्या आणि कोंडा स्वतंत्रपणे हाती येऊ लागला. दुय्यम वस्तूंचा इतिहास बहुधा असाच, दुसऱ्याच कुणाच्या निर्णयातून घडतो.

तेलाहून मोलाचे त्या तेलात थोड्या प्रमाणात असलेले घटक आहेत. कच्च्या तेलात एक ते दोन टक्के ओरायझॅनॉल असते. १९५० च्या दशकात जपानी संशोधकांनी ते प्रथम वेगळे केले. आज औषधे व सौंदर्यप्रसाधने यांत त्याचा वापर होतो. शिवाय मेण, स्टेरॉल, टोकोफेरॉल आणि टोकोट्रायनॉल आहेतच. कॉस्टिक सोड्याने शुद्धीकरण केले, की यांतील ओरायझॅनॉल जवळजवळ सगळे सोपस्टॉकमध्ये, म्हणजे साबणाच्या गाळात, उतरते. हा गाळ स्वस्तात विकला जातो.

येथे रसायनशास्त्र आपल्या बाजूचे आहे. गाळातील मेदाम्लांची मिथेनॉलशी अभिक्रिया घडवली, की बायोडिझेल मिळते. ते निर्वात ऊर्ध्वपातनाने काढून घेतल्यावर, सहज न उडणारे ओरायझॅनॉल आणि स्टेरॉल तळाशी उरतात. इंधन बनवण्याची क्रियाच मौल्यवान द्रव्यांचे प्रमाण वाढवून देते. एकाच कारखान्यात दोन्ही साधतात, आणि दुसऱ्याच्या उत्पन्नावर पहिल्याचा तोटा भरून निघू शकतो.

धोरण मात्र फक्त लिटर मोजते. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये जट्रोफाच्या भरवशावर २०११-१२ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे स्वप्न पाहिले होते. पडीक जमिनीत झाड जगते, पण पाण्यावाचून बी पुरेसे धरत नाही, हे शेतकऱ्यांना समितीच्या आधी कळले. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले. प्रत्यक्ष मिश्रण एक टक्क्याच्याही आत रेंगाळले आहे. जो देश वर्षाला सुमारे १६० लाख टन खाद्यतेल आयात करतो, त्याने खाण्याजोगे तेल टाकीत ओतावे असे कोणी म्हणणार नाही. गाळ, तळणाचे वापरलेले तेल आणि बिघडलेल्या कोंड्याचे तेल हेच त्याचे न्याय्य कच्चे माल होत.

त्यातही एक हात बांधतो, दुसरा सोडतो. तेल काढल्यावर कोंड्याच्या वजनाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग पेंड म्हणून उरतो. जुलै २०२३ मध्ये या पेंडीच्या निर्यातीवर बंदी आली. ती दोन वर्षांहून अधिक काळ चालली. चारा स्वस्त व्हावा हा हेतू समजण्यासारखा होता. परंतु पूर्व भारतातील कारखान्यांची पेंड व्हिएतनामकडे जात असे. तेथील गिऱ्हाईक तुटल्यावर कोंडा घेण्याचाच उत्साह ओसरला.

सरकारचे स्वतःचे धान खासगी गिरण्यांत कराराने भरडले जाते आणि कोंडा गिरणीमालकाकडेच राहतो. तो चोवीस तासांत वाफ देऊन स्थिर करावा किंवा तेलकारखान्यात पोहोचवावा, अशी एक अट या करारात घालता येईल. त्यासाठी भरडाईच्या दरात थोडी वाढ द्यावी लागेल. नवी मोहीम किंवा नवे महामंडळ मात्र लागणार नाही.