प्रथिनांची शुद्धता व त्यांचे स्फटिक

वडीगोद्रीच्या बाजारांत गुळाची ढेप मिळते, तशी खडीसाखरही मिळते. दोन्ही उसाचींच लेकरें. परंतु पैलूदार खडे स्वच्छ साखरेच्या पाकांतच, दोऱ्यावर सावकाश वाढतात. असें कां व्हावें?

स्फटिक म्हणजे कणांची शिस्तबद्ध रांग होय. प्रत्येक कण नेमल्या जागीं बसला तरच पुढचा थर नीट चढतो. परका कण चिकटला कीं थर अडतो, अथवा वेडावांकडा वाढतो. प्रथिनांचे कण साखरेच्या कणांहून फार मोठे व नाजूक. म्हणून तेथें शुद्धतेस अधिकच जपावें लागतें. पुष्कळदां परक्या द्रव्यापेक्षां त्याच प्रथिनाचे बिघडलेले वा एकमेकांस चिकटलेले कण अधिक घात करितात. कारण सारखेपणामुळें ते रांगेंत सहज शिरतात आणि ती मोडतात.

अमेरिकेंतील जेम्स समनर यांनीं, एक हात गमावलेला असतांही, अबईच्या जातीच्या बियांतून युरिएज हें प्रथिन वेगळें करण्यासाठीं नऊ वर्षें वेंचिलीं. १९२६ सालीं त्यांस त्याचे स्फटिक लाभले. पुढें पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं, इंग्लंडांतील यॉर्कच्या सहकाऱ्यांसह, पेनिसिलिनचें विघटन करणाऱ्या एका प्रथिनाची रचना स्फटिकांवरून उलगडून १९९९ सालीं प्रसिद्ध केली. अशीं प्रथिनें नवीं पेनिसिलिनें बनविण्याच्या कामीं येतात. स्फटिक सुबक असेल तरच क्ष-किरण त्याचें अंतरंग स्पष्ट दाखवितात.

प्रयोगाच्या तासास नळी नीट न धुणाऱ्या मुलांस आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे: तें काम हलकें मानूं नका, शोधाचा आरंभ तेथेंच होतो.