मुद्दाम फाडलेला आवाज

नारायणगावात तमाशाच्या फडावर कर्णा फाटू लागला, की लोक साउंडवाल्याच्या नावानं ओरडतात. गिटारवाले मात्र हाच फाटका आवाज पैसे मोजून घेतात. नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सर बिघडला आणि बेसचा फाटलेला आवाज 1961 च्या 'डोन्ट वरी' या गाण्यात तसाच राहिला. पुढच्याच वर्षी तसा आवाज काढणारं 'माएस्ट्रो फझ-टोन' हे पेडल बाजारात आलं.

साध्या फझ पेडलमध्ये दोन ट्रान्झिस्टर, मूठभर सुटे भाग आणि 9 व्होल्टची बॅटरी असते. गिटारचा सिग्नल इतका वाढवायचा की ट्रान्झिस्टरला तो पेलवत नाही आणि लाटेचे शेंडे छाटले जातात. 110 हर्ट्झच्या स्वराची छाटणी वरखाली सारखी झाली, तर सोबत 330, 550 असे स्वर उमटतात. एकीकडे जास्त झाली तर 220 आणि 440 हेही.

घरी सोल्डर केलेलं पेडल चालतंय की नाही, ते ऑसिलोस्कोप सांगेल. वाजवण्याजोगं आहे का, हे गिटारिस्टच सांगणार. त्याला षड्ज-पंचम एकत्र छेडायला सांगा. दोन स्वर एकत्र छाटले गेले, की त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे स्वरही उमटतात. 110 आणि 165 यांच्या वजाबाकीतून 55 निघतो, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्जच. आवाज भरदार होतो. आता पंचमाऐवजी गंधार घ्या. गिटारच्या पडद्यांवर तो जरा चढा, 138.6 हर्ट्झचा, वजाबाकी 28.6. ती कुठेच बसत नाही, नुसता चिखल होतो! मग गिटारवरचा व्हॉल्यूम हळूहळू उतरवायचा. चांगल्या फझमध्ये आवाज निवळत जातो.

नारायणगावाजवळच खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आकाश ऐकतात. तिथल्या अभियंत्यांना धास्ती याच बेरीज-वजाबाकीची. बाहेरचे दोन जोरकस सिग्नल ॲम्प्लिफायरमध्ये एकत्र आले, की आकाशात नसलेल्या फ्रिक्वेन्सी तयार होतात. त्यामुळे फिल्टर लावायचे आणि ॲम्प्लिफायरला पेलेल इतकंच द्यायचं. फझला तर उघड्या वायरीतून रेडिओ स्टेशनही ऐकू येऊ शकतं. पेडलला पत्र्याची डबी हवी ती त्यासाठी.

जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर मऊ आवाजासाठी नावाजलेले, पण उन्हापुढे हळवे. तापमान साधारण 10 अंशांनी वाढलं, की त्यांतली गळती दुपटीच्या आसपास जाते. सकाळी गोड वाजलेलं पेडल यात्रेच्या दिवसांत भर दुपारी मंचावर घुसमटू शकतं. ट्रान्झिस्टरचा बायस बदलता येईल असा एक स्क्रू डबीत ठेवावा आणि चाचणी वैशाखातल्या उन्हातही घ्यावी.