न दिसणारा हजेरीपट

गिरणीच्या फाटकावर टाइमकीपर बसत असे. तो कामगाराचा बिल्ला पाही आणि वेळ टिपून ठेवी. जुन्या कामगारांची त्याच्याशी भांडणे पुष्कळ झाली. परंतु तो समोर दिसे, आणि त्याच्या वहीवरून तंटा करता येई. आज आपणां बहुतेकांच्या खिशात जो टाइमकीपर आहे, तो दिसत नाही.

आमच्या संघटनेच्या एका सभासदाने कंपनीच्या संगणकावर ग्रॅच्युइटीचा हिशेब शोधला. ब्राउझरची 'खासगी खिडकी' उघडली होती, म्हणून तो निर्धास्त होता. चार दिवसांनी साहेबांनी विचारले, "काय हो, सोडून जायचा विचार दिसतो?" तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "दादा, चहाडी कोणी केली?"

चहाडीला माणूस लागतच नाही. खासगी खिडकी पुसते ती त्या ब्राउझरची स्वतःची आठवण. कंपनीच्या जाळ्यातून कोणत्या संकेतस्थळाकडे वाट गेली, ही नोंद कंपनीला ठेवता येते. आणि यंत्रच कंपनीचे असेल, तर याहून पुष्कळ अधिक दिसू शकते. पलीकडच्या संकेतस्थळाकडेही आपला आयपी पत्ता, वेळ व ब्राउझरची जात पोचते. शिवाय 'कुकी' आहे. 1994 साली नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली यांनी ही युक्ती काढली. हेतू साधा होता, की आलेले गिऱ्हाईक दुकानाला पुन्हा ओळखता यावे. पुढे जाहिरातवाल्यांनी तोच बिल्ला शेकडो दुकानांच्या दारांत तपासायला सुरुवात केली, आणि आपली दिवसभराची फेरी त्यांच्या वहीत जुळू लागली.

"आमचे नाव कुठे आहे त्यात?" असे पुष्कळजण विचारतात. त्यांनी अमेरिकेतील एओएल कंपनीची हकीकत ऐकावी. ऑगस्ट 2006 मध्ये या कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांतील सुमारे 2 कोटी शोध खुले केले. नावे काढून त्या जागी क्रमांक घातले होते. पण माणूस स्वतःच्या गावातला माळी शोधतो, आपल्या आडनावाची माणसे शोधतो, दुखण्यावर औषध शोधतो. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी एका क्रमांकाचे असे शोध जुळवले आणि काही दिवसांतच ते एका वृद्ध बाईच्या घरी पोचले. कंपनीने यादी मागे घेतली, तोवर तिच्या नकला जगभर गेल्या होत्या. संशोधकाची नोकरी गेली. (नोकरी कोणाची जाते, हे आम्ही सवयीने पाहतो, तांत्रिक विभागाच्या प्रमुखही गेल्या, एवढे मान्य केले पाहिजे.)

आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यातील सातवे कलम कामगारांनी मुद्दाम वाचावे. नोकरीच्या कामासाठी, किंवा मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी, कामगाराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा तेथे आहे. 'नुकसान' या शब्दात काय काय बसवले जाईल, यावर आम्हांला पुढे बरीच वर्षे भांडावे लागणार असे दिसते.

तूर्त आमच्या शाखेने एवढे ठरवले आहे की, मागणीपत्राचा मसुदा कंपनीच्या संगणकावर लिहायचा नाही, आणि सभेचा निरोप कंपनीच्या वायफायवरून धाडायचा नाही. तो सभासद आता ग्रॅच्युइटीचा हिशेब कागदावर करतो.