जुन्या जीपचं इंजिन : बांधायचं की बदलायचं?

आज विषय जरा वेगळा आहे, इंजिनाचा. 'बायकांना त्यातलं काय कळतंय' म्हणून रेडिओ बंद करू नका. घरातल्या गाडीचं इंजिन बसलं की पैसे शेवटी गटातूनच उचलले जातात, आणि हप्ते आपणच भरतो. आमच्यावर ही वेळ यंदा आली. तेव्हा जे शिकलो ते सांगतो.

आमच्या एका गटातल्या वहिनींकडे १९९१ सालची महिंद्राची जीप आहे, एमएम ५४०. तीन वर्षांपूर्वी त्यांचे मालक गेले. जीप त्यांनीच घेतलेली, त्यांनीच सांभाळलेली. आता मुलगा चालवतो. शेतातला टोमॅटो बाजाराला, येताना पेंड आणि खताची पोती. म्हणजे जीप बंद तर घराचं निम्मं काम बंद. यंदा ती चढाला दम टाकायला लागली, निळा धूर सोडायला लागली, आणि वहिनींनी गटाकडे पन्नास हजारांचं कर्ज मागितलं.

मासिक बैठकीत तीन मतं झाली. एक मावशी म्हणाल्या, "भंगारात घाला आणि मोकळे व्हा." मुलाला जुन्या बाजारातलं दुसरं, जास्त ताकदीचं इंजिन बसवायचं होतं. वहिनी म्हणाल्या, "इंजिन तेच पाहिजे. त्यांच्या हातचं आहे." आम्ही कुणालाच चूक म्हणालो नाही. पण गटात बारा जणी आहेत आणि पैसा बारा जणींचा आहे. म्हणून ठरवलं की आधी इंजिन तपासायचं, मग मत द्यायचं.

याला एक कारण होतं. दोन वर्षांपूर्वी याच जीपला एका गॅरेजमध्ये 'हाफ इंजिन काम' केलं होतं. म्हणजे काय, तर न मोजता फक्त पिस्टनच्या रिंगा बदलल्या. चौदा हजार गेले. सात-आठ महिन्यांत धूर परत सुरू. ते कर्जही गटातूनच गेलं होतं आणि त्या वेळी आम्हीही काही विचारलं नव्हतं. बिल बघितलं आणि सही केली. ती चूक आमचीही होती.

रिंगा बदलून का भागलं नाही, हे समजायला जात्याकडे बघा. जातं वापरून वापरून गुळगुळीत झालं की पीठ भरड पडतं. मग टाकी लावणारी बाई दारात यायची, छिन्नीनं दगडावर खाचा पाडून द्यायची. दगड जाड असेपर्यंत टाकी लावता येते, पातळ झाला की नवीन जातं घ्यावं लागतं. इंजिनाचंही बरंचसं असंच आहे. पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिला लायनर म्हणतात. नव्या लायनरच्या आतल्या बाजूला बारीक आडव्या-तिडव्या रेघा मारलेल्या असतात. त्यात तेल धरून राहतं आणि रिंगा नीट बसतात. लायनर झिजला की या रेघा पुसल्या जातात.

आणि झीज सगळीकडे सारखी होत नाही. सगळ्यात वर, जिथून रिंग परत फिरते, तिथं आच जास्त आणि तेल कमी, म्हणून तिथं जास्त. शिवाय पिस्टन एका बाजूच्या भिंतीला जास्त रेटतो, त्यामुळे गोल नळी हळूहळू अंडाकार होते. अंडाकार नळीत नवी गोल रिंग घातली तर फटी राहणारच. त्या फटीतून तेल वर जाऊन जळतं, आणि जळलेली हवा खाली उतरते. इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण काढलं की तिथून धाप मारल्यासारखा धूर येतो, त्याला मेस्त्री लोक 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. आमच्या जीपला तो भरपूर होता.

धुराचा रंगही बघायला शिका. निळा म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. तिथं पंप, इंजेक्टर नाहीतर नुसता तुंबलेला एअर फिल्टरही असू शकतो, इंजिन उघडायची गरजच नसते. सकाळच्या गारठ्यात थोडा पांढरा येऊन थांबला तर फार घाबरू नका. गाडी तापल्यावरही पांढरा येत राहिला आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असलं, तर हेड गॅस्केट बघायला सांगा. तेलाची काडी ओढल्यावर तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी तेलात उतरलंय, गाडी जाग्यावर उभी करा. पण नुसता धूर बघून कुणी हजारोंचा आकडा सांगितला, तर तो आकडा कागदावर लिहू नका.

आम्ही दुसऱ्या मेस्त्रींकडून आधी कॉम्प्रेशन मोजून घेतलं. चारही सिलिंडरला आळीपाळीनं मीटर लावतात. तीन सिलिंडर ३१० ते ३४० पौंडांच्या दरम्यान निघाले, तिसरा मात्र २१०. एकूण आकड्यापेक्षा एकमेकांतला हा फरक जास्त बोलका असतो. गाडी तापल्यावर तेलाचा दाबही उतरत होता, म्हणजे खालची बेअरिंगही घासली होती. इंजिन उघडावं लागणार हे तेव्हा नक्की झालं.

आता या इंजिनाविषयी थोडं, कारण निर्णय त्यावरच फिरला. महिंद्रानं १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली हे पुष्कळांना माहीत असतं. एमएम ५४० मधलं डिझेल इंजिन मात्र मूळचं फ्रान्सच्या पेजो कंपनीच्या आराखड्याचं, आणि ते बनायचं आपल्या इगतपुरीला. त्याचं नाव एक्सडीपी ४.९०. या नावातच माहिती आहे : चार सिलिंडर आणि प्रत्येकाचं तोंड ९० मिलिमीटर. एकूण २११२ सीसी. या इंजिनाचे लायनर 'ओले' असतात, म्हणजे त्यांच्या बाहेरून थेट पाणी खेळतं, आणि ते काढून नवे घालता येतात. ज्या गाड्यांत नळी ब्लॉकमध्येच कोरलेली असते, तिथं बोअरिंग करून भोक मोठं करावं लागतं आणि ते ठरावीक वेळाच करता येतं. इथं लायनर, पिस्टन आणि रिंगांचा नवा संच घातला की नळी परत ९० मिलिमीटरची. जात्याचा दगडच नवा. म्हणून आमच्या जीपपुरतं तरी पारडं बांधायच्या बाजूला झुकत होतं, पण अजून दोन गोष्टी बघायच्या होत्या, ब्लॉक आणि क्रँक.

वहिनींना आम्ही आधीच विचारलं, "ब्लॉकला तडा निघाला किंवा क्रँक संपलेला निघाला, तर?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तर दुसरं घालू. मग मी रडणार नाही." ते आम्ही इतिवृत्तात लिहून घेतलं. रडण्याचं नाही, दुसरं घालण्याचं. इंजिन उघडून टेबलावर पडल्यावर माणूस कशालाही हो म्हणतो, म्हणून ही अट आधी ठरलेली बरी. खर्चाची वरची हद्दही तेव्हाच लिहिली : सत्तर हजार, त्यावर एक रुपया नाही. पन्नास गटाचे, वीस वहिनींचे.

दुसरं इंजिन आणायचं म्हटलं तर काय, त्याचीही चौकशी केली. मुलाबरोबर आम्ही दोघी कराडला गेलो. याच जातीचं वापरलेलं इंजिन ३८ हजारांना होतं. स्वस्त वाटलं. पण ते जमिनीवर पडलेलं, चालू करून दाखवायला विक्रेता तयार नाही, आणि कोणत्या गाडीतून काढलं याचा कागद नाही. बसवणावळ, क्लच प्लेट, तेल, फिल्टर धरून पन्नासच्या वर जात होतं, आणि आतली झीज आपल्याइतकीच असली तर परत पहिल्यापासून. मुलाच्या मनातलं मोठं इंजिन तर वेगळ्याच जातीचं. त्याला माउंटिंग नवं करायचं, गिअरबॉक्सशी जुळवायचं, रेडिएटर बदलायचा, पुढचं वजन वाढलं की पाट्यांचं बघायचं. पंच्याहत्तर हजारांच्या खाली कुणी बोलेना.

आणि कागदपत्रं. आरसी बुकावर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये इंजिन बदलाचे नियम आहेत. वेगळ्या जातीचं इंजिन आरटीओच्या परवानगीशिवाय घालू नका, आणि कुठलंही बदललं तरी नोंद करून घ्या. आपलंच बांधलं तर नंबर तोच राहतो. बिनकागदाचं इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी नंबर बघते, आणि पोलीसही बघतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. इंजिनाला पैसे घालण्याआधी ती तारीख बघा, चॅसीखाली वाकून गंज बघा. चॅसी कुजली असेल तर इंजिनाचा विचारच करू नका. आणखी एक : पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाड्यांना २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. तिथं मूळ इंजिनाला फार मोल आहे. कुणाच्या आजेसासऱ्यांची गाडी गोठ्यात उभी असेल तर इंजिन विकून टाकण्याआधी हे लक्षात ठेवा. आमच्या जीपला त्यासाठी २०४१ उजाडेल.

शेवटी इंजिन उघडलं. लेथवाल्याकडे वहिनी स्वतः स्टुलावर बसून राहिल्या. तिसरा लायनर वरच्या बाजूला ९०.२८ निघाला, खालच्या बाजूला ९०.०४. ब्लॉकला तडा नव्हता. क्रँक पूर्वी एकदा घासून 'दहा साइज' केलेला, म्हणजे पाव मिलिमीटर उतरवलेला होता. तो 'वीस साइज'ला साफ झाला. त्या दुकानदारांच्या म्हणण्याप्रमाणे अजून एकदा घासता येईल, मग क्रँक नवा. हे त्यांनी बिलावर लिहून दिलं, आणि आम्ही ते मागून घेतलं. तुम्हीही मागा. पुढच्या वेळी तोच कागद कामाला येतो. जुने पिस्टन, लायनर, बेअरिंगही परत मागून घ्या.

लायनर-पिस्टनचा संच, मेन आणि बिगएंड बेअरिंग, ऑइल पंप, हेडचं फेसिंग, व्हॉल्व्ह, गॅस्केट, मजुरी, सगळं मिळून ६६ हजार ४०० झाले. मुलगा थोडा नाराज होता, खोटं कशाला सांगू. त्याला चढावर जोर हवा होता. तिसरा सिलिंडर कामाला लागल्यावर तो पुष्कळसा आपोआप मिळाला, पण मोठ्या इंजिनाचा हट्ट त्यानं अजून पूर्ण सोडलेला नाही.

सध्या जीप 'रनिंग'वर आहे. मेस्त्रींनी पहिले हजार किलोमीटर भार कमी आणि वेग बेताचा ठेवायला सांगितलंय, म्हणजे नव्या रिंगा लायनरवर नीट बसतील. पाचशेला तेल आणि फिल्टर बदलून झाले. काढलेलं तेल काळं होतं, त्यात लोखंडाचा बारीक कीस चमकत होता. नव्या कामाचा थोडा कीस निघतोच, म्हणूनच ते तेल लवकर काढून टाकायचं असतं. बाजाराच्या रस्त्यावर टेम्पोवाले भोंगे वाजवत पुढं जातात, मुलगा चाळिसाच्या वर जात नाही, आणि वहिनी शेजारी बसून काट्यावर नजर ठेवतात. कर्जाचे दोन हप्ते वेळेवर आलेत, अठरा राहिलेत.