चोवीस तासांच्या आत

संध्याकाळी ६

शाहू मार्केट यार्डात गाडी भरून झाली. गूळ वाशीला जायचा आहे. गाडी आमची एकच, सहाचाकी. ती मालक स्वतः चालवतात आणि हिशेब मी घरातून बघते. ताडपत्रीच्या दोऱ्या आवळता आवळताच त्यांचा फोन येतो, "टॅगला बॅलन्स हाय न्हवं?" डिझेलचं विचारत नाहीत. डिझेल उधारीवर मिळतं, टोल उधारीवर मिळत नाही.

वाशीच्या फेरीला जाताना सहा नाके लागतात. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, मग एक्स्प्रेसवेवर उर्से आणि खालापूर. या सहांची भर मी गाडी निघायच्या आधी करून ठेवते. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गावर फास्टॅग सक्तीचा झाला आणि टॅग चालला नाही की दुप्पट भरायची पाळी येते. नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयनं भरलं तर सव्वापट, रोख दिले तर मात्र दुप्पटच. म्हणजे शे-दोनशे रुपये कमी पडले म्हणून एका नाक्यावर दोन नाक्यांचे पैसे. यार्डात हमाल थांबलेले, पार्टी ओरडतेय, आणि मी घरात बसून ओटीपीची वाट बघतेय, असं कितीदा झालंय.

भाडं टनावर ठरतं आणि टोल त्यातच धरलेला असतो. पार्टीला टोलची पावती दाखवून काही उपयोग नाही. ती म्हणते, भाडं ठरलंय की.

रात्री ७.५०

किणीचा मेसेज आला. वाहन क्रमांक, नाका, वेळ, रक्कम. गाडीला जीपीएस बसवायचा राहून गेलाय, पण त्यावाचून माझं काही अडत नाही. मेसेज आला की गाडी कुठं आहे ते कळतं.

वहीत मी वेळ लिहून ठेवते. रक्कम बँकेच्या पासबुकात सापडते, वेळेचं मात्र महत्त्व वेगळं आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांत परतीची सवलत आहे: त्याच नाक्यावरून चोवीस तासांच्या आत परत आलात तर जाऊन-येऊन मिळून दीडपट. म्हणजे येताना निम्माच टोल. अर्ज नाही, पावती नाही, टॅगमधून आपोआप निम्मे कापले जातात. ७.५० ला किणी पास झाली, तेव्हा उद्या ७.५० च्या आत गाडी किणीला परत यायला पाहिजे. ही वेळ साधली का, हे बघायला लिहून ठेवते. गुळाच्या फेरीत ती साधलेली मला आठवत नाही.

आम्ही कोल्हापूरकर टोलच्या बाबतीत तसे नवशिके नव्हेत. शहरातल्याच रस्त्यांवर नाके बसवले तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे रस्त्यावर उतरले, जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले, आणि २०१५ च्या शेवटी सरकारला तो टोल रद्द करावा लागला. पण तो गावातला टोल होता, घरातून बाहेर पडल्यावर लागणारा. हमरस्त्यावरच्या टोलसाठी मोर्चा कोण काढणार? ट्रकवाला मोर्चाला थांबला तर त्याची गाडी खोटी होते.

रात्री ९.२०

तासवडे. कागल ते सातारा सहापदरीकरण चाललंय, तेव्हा मध्ये वळणं, खडी, एकेरी रांगा. टोल मात्र सरळ. ऑगस्ट २०२५ मध्ये केरळात त्रिशूरजवळच्या पालियेक्करा नाक्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. रस्ता धड नाही आणि गाड्या तासन् तास अडकतात म्हणून तिथल्या उच्च न्यायालयानं वसुली थांबवली होती, आणि सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश कायम ठेवला. पुढं काही आठवड्यांनी वसुली परत सुरू झाली. तरी मला ती बातमी वाचून बरं वाटलं. रस्ता नसेल तर रस्त्याचे पैसे कशाचे, हा प्रश्न मालक कराडजवळ रोज विचारतात, फक्त तो काचेच्या आतच राहतो.

रात्री १०.४५

आनेवाडी. पुढं खंबाटकीच्या अलीकडं ढाब्यावर जेवण. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ फोनवर. त्याच्या कारला तीन हजारांचा वार्षिक पास आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून तो मिळायला लागला, वर्षाला दोनशे नाके, म्हणजे नाक्याला पंधरा रुपये. "ताई, पुण्याला जाऊन आलो, टोलचं कळलंबी न्हाई." त्याला काय बोलणार! पास खाजगी कार, जीप, व्हॅनलाच आहे.

गेल्या काही वर्षांत टोलची जी सूट जाहीर झाली ती बहुतेक चारचाकीवाल्यांसाठी. २०१५ मध्ये राज्यातले बारा नाके बंद केले आणि त्रेपन्न नाक्यांवर सूट दिली, ती हलक्या वाहनांना आणि एसटीला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर टोल माफ झाला, तोही हलक्या वाहनांना. आमच्यासारख्या ट्रकला तिथं अजून १५० रुपये आहेत. कारवाल्याला मत असतं आणि त्याच्याकडं मोबाइल असतो. ट्रकमध्येही मतदारच बसलेला असतो, पण मतदानाच्या दिवशी तो बहुतेक वेळा दुसऱ्या जिल्ह्यात असतो.

रात्री १.०५

खेड शिवापूर. मी झोपेत, फोन उशाला. वेळ सकाळी लिहीन.

पहाटे २.३० ते ४

इथं सविस्तर सांगायला पाहिजे, कारण इथं पैसे जातात. किवळ्याला आलं की दोन रस्ते. जुना रस्ता सोमाटणे, वरसोली, शेडुंग असे नाके घेत लोणावळ्यातून जातो. दुसरा एक्स्प्रेसवे, साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. १ एप्रिल २०२३ च्या दरपत्रकात कारला ३२०, आमच्या दोन आसांच्या ट्रकला ६८५, तीन आसांच्या दहाचाकीला १६३० आणि त्याहून मोठ्या गाडीला २१६५ रुपये. त्याआधी आमचे ५८० होते. दर वर्षी सहा टक्के धरायचे आणि तीन वर्षांचे एकदम अठरा टक्के वाढवायचे, हे २००४ च्या अधिसूचनेतच लिहून ठेवलंय. महागाई वाढो की उतरो.

६८५ ला ९४.५ नं भागलं तर किलोमीटरला सव्वासात रुपये होतात. आणि दहाचाकीकडं बघा. राष्ट्रीय महामार्गाच्या नियमात मूळ दर दोन आसांना किलोमीटरला २.२० आणि तीन आसांना २.४० असा आहे, म्हणजे एक आस वाढला तर फरक जेमतेम नऊ टक्के. एक्स्प्रेसवेवर तोच एक आस वाढला की टोल जवळजवळ दोन पूर्णांक चार दशांश पट. आसाला आस लागून रस्ता एवढा जास्त झिजतो का, हे इंजिनिअरांनी सांगावं. पण एकाच देशात, एकाच ट्रकला दोन रस्त्यांवर दोन गणितं कशी? मालकांना दहाचाकी घ्यायची फार हौस होती. हा तक्ता मी त्यांना पुढ्यात ठेवला, आणि विषय तिथंच थांबला.

एक्स्प्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला. २००४ मध्ये पंधरा वर्षांची वसुली ९१८ कोटी घेऊन ठेकेदाराला दिली, आणि ती मुदत संपल्यावर २०२० मध्ये पुन्हा २०३० पर्यंत ८२६२ कोटींना. ज्याला एवढे कोटी भरायचेत तो ते आमच्याकडूनच काढणार. त्याचा राग नाही. राग याचा की रस्त्याचे पैसे फिटले का, हे मोजायची वेळच कधी येत नाही.

तरी मालक एक्स्प्रेसवेनंच जातात. जुन्या रस्त्यानं तास-दीड तास जास्त जातो आणि पहाटे पाचच्या आत वाशीत नंबर लागला नाही तर अख्खा दिवस मागं पडतो. ६८५ रुपये ते त्या नंबराचे देतात.

सकाळी ६

"पोचलो. नंबर बारावा." चहा. मुलाचा डबा.

सकाळी १०

बाराव्या नंबरची गाडी अजून बाराव्याच नंबरवर आहे. मुकादम म्हणतो माणसं कमी आहेत. हमाली आमची नाही, वाराई नावाची कपात मात्र आमच्याच भाड्यातून होते. त्यावर लिहायला बसले तर टोल राहून जाईल. मी वहीत बघते. रात्री ७.५० च्या आत किणी गाठायची तर गाडीनं आत्ता पनवेल सोडलेलं पाहिजे. गाडीवरची ताडपत्रीसुद्धा सुटलेली नाही.

दुपारी १२

रिटर्न भाड्याचे फोन. रिकामी गाडी आणायची नाही, हा आमचा एकच नियम, कारण टोल मालावर नसतो, आसावर असतो. भरलेल्या गाडीला ६८५ आणि रिकाम्या गाडीलाही ६८५.

एजंट म्हणतो, दारूखान्यातून भंगार आहे, कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्रीला. भाडं चांगलं सांगतो. मी कागद घेते. दारूखान्याला जायचं तर मुंबईत शिरायचं, वाशी खाडीचा नाका १५०. शहरात दिवसा अवजड गाड्यांवर वेळेची बंधनं, म्हणजे भरून बाहेर पडायला रात्र. बाहेर पडायला शिवडीचा अटल सेतू अगदी जवळ, पण तिथं दोन आसांच्या ट्रकला ८३० रुपये. कारला २५०. एजंटचं 'चांगलं' भाडं माझ्या कागदावर कळंबोलीच्या साध्या भाड्याखाली उतरलं. "कळंबोलीतनं सळी बघा," मी सांगितलं. तो हसला. "वहिनी, तुम्ही टोल धरून बोलताय." मग काय सोडून बोलू?

दुपारी १.३०

वाशीत गाडी रिकामी झाली. मी जेवणाआधी महिन्याचा हिशेब घेते. डिझेलच्या खालोखाल टोल. चालकाचा पगार धरायची वेळच नाही, कारण चालक घरचा आहे. पन्नास फेऱ्यांचा मासिक पास असतो, एकेरी दराच्या दोनतृतीयांशात. ऐकायला गोड. हिशेब केला तर एका नाक्यावरून महिन्यात चौतीस वेळा गाडी गेली तरच तो फायद्याचा. आमचा नंबर वाशीतच बारावा लागतो. चौतीस कुठून आणू?

वहीत एका नाक्यावर दोन मिनिटांत दोनदा कापल्याची नोंद आहे. १०३३ या हेल्पलाइनवर सांगितलं, त्यांनी बँकेकडं पाठवलं. बँकेनं तक्रार क्रमांक दिला. पैसे आले, पण आले तेव्हा एक अख्खी फेरी मी शेजारणीकडून उसने घेऊन काढली होती. मोठ्या कंपनीला हे कळतही नाही. एका गाडीच्या घरात शंभर गाड्यांचेच नियम चालतात.

संध्याकाळी ५.४५

कळंबोलीत सळी भरली. ई-वे बिल व्हॉट्सॲपवर आलं, मी नंबर तपासला. कळंबोली ते शिरोली साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. बिलाची मुदत: दोन दिवस.

ती ओळ मी पुन्हा वाचली. जानेवारी २०२१ पासून ई-वे बिलाला दर दोनशे किलोमीटरला एक दिवस मिळतो, आणि उरलेल्या तुकड्यालाही पूर्ण दिवस. म्हणजे केंद्र सरकारच्याच कागदाप्रमाणं या मालाला एका बाजूनं जायलाच दोन दिवस लागू शकतात. आणि त्याच सरकारचा टोलचा नियम म्हणतो की जाऊन, माल उतरवून, दुसरा भरून, परत यायला चोवीस तास पुरेत.

रात्री ७.५० ते १०.४५

खालापूर, पूर्ण. उर्से, पूर्ण. एक्स्प्रेसवेला राष्ट्रीय महामार्गाची परतीची सवलत नाही. दरम्यान किणीची मुदत संपली, मग तासवड्याची, मग आनेवाडीची. गाडी तेव्हा पुण्याच्या बायपासला होती.

रात्री ११.४०

खेड शिवापूर. मेसेज उघडला. निम्मे. काल रात्री १.०५ ला पास झाली होती, तेव्हा इथं जवळजवळ दीड तास हातात राहिला. मालकांनी बायपासला चहासुद्धा घेतला नाही म्हणे. पुढचे तीन नाके पूर्ण दरानं कापले जातील, म्हणून आता टॅगला भर घालून मगच झोपायचं.

माझी मागणी काही टोल बंद करा अशी नाही. ती करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले निम्मे आता पास काढून मोकळे झालेत. मागणी एवढीच की मालवाहू गाडीची परतीची सवलत ई-वे बिलाच्याच मापानं मोजावी: दोनशे किलोमीटरला एक दिवस, जाण्याचे वेगळे, येण्याचे वेगळे. गाडीचा नंबर दोन्हीकडं एकच आहे आणि दोन्ही यंत्रणा सरकारच्याच आहेत. जे वाहतूकदार संघटनेच्या बैठकांना जातात त्यांनी हा मुद्दा तेवढा मांडावा; आमच्या मालकांना बैठकीला यायला जमणार नाही, ते रस्त्यावर असतात.